बाबांच्या हातचा कागद

बाबा गेले त्याच्या तेविसाव्या दिवशी हंसाबाई आमच्या दारात आली. सोबत तिचा भाऊ देवीलाल होता. ढाणकीजवळच्या तांड्यावरून निघून, उमरखेडला गाडी बदलून, दोघं पुसदला पोचली होती. आधी कोर्टासमोरच्या लिंबाखाली गेली. तिथं बाबांची जागा रिकामी होती, म्हणून कुणीतरी घर दाखवलं.

"डोमाजी अर्जनवीस हायेत का?" देवीलालनं विचारलं.

मी सांगितलं. त्यानं काढलेल्या चपला परत हातात घेतल्या. मग म्हणाला, "मंग आमचा अर्ज आता कोन लिवन?"

"पह्यले पानी तं पेऊ दे त्याईले," माझी माय आतून म्हणाली.

बाबांनी तीस वर्षं लोकांचे अर्ज लिहिले. आमच्या माणसानं कचेरीच्या ओट्याखाली उभं राहून बोलावं, त्या काळापासून. पुढे सगळ्याच जातींचे लोक त्यांच्याकडे येऊ लागले, कारण त्यांचा अर्ज सहसा परत येत नसे. मी मुलींच्या शाळेत शिकवत होते. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तेव्हापासून संध्याकाळी त्यांचे मसुदे मीच स्वच्छ लिहून काढत असे. परवाना त्यांच्या नावावर होता, तो त्यांच्याबरोबर संपला. पण मसुदा कसा करायचा ते मला ठाऊक होतं.

हंसाबाईचं म्हणणं थोडक्यात होतं. नवरा डोंगरसिंग मारायचा. डाव्या मनगटाचं हाड त्यानंच मोडलं होतं आणि ते वाकडंच जुळलं होतं. दीड वर्षापासून ती मुलीला घेऊन भावाकडे राहत होती. डोंगरसिंगनं दुसरी बाई आणली होती, इकडे दाणा पाठवत नव्हता. हंसाबाईला पोटगी हवी होती.

"अन् पुरावा पक्का हाय," देवीलाल म्हणाला. त्यानं मेणकापडाची घडी उलगडली. "आमच्या तांड्यात नसाब बसला होता, आमची पंचायत. नायकाचा अंगठा हाय, चार पंचायचे हायेत. हा अर्जाले जोडा. लिवला बी तुमच्या बाबानंच, तांड्यावर बसून."

कागद मी लगेच वाचला नाही. नुसता पाहिला. बाबा आधी अख्खी ओळ लिहीत आणि मग तिच्यावर एकच लांब रेघ ओढत. त्या रेघा तशाच होत्या, उजवीकडे किंचित चढत गेलेल्या.

मग वाचला. तिसऱ्या परिच्छेदात होतं: 'उभय पक्ष राजीखुशीने वेगळे राहण्यास तयार आहेत. कोणाचा कोणावर जोर नाही.'

पोटगीचं कलम मी बाबांसाठी कितीदा तरी उतरवून काढलं होतं. नवराबायको आपसांतल्या संमतीनं वेगळी राहत असतील तर बाईला पोटगी मिळत नाही, हे त्यातच लिहिलेलं आहे. देवीलाल ज्याला पक्का पुरावा म्हणत होता, त्यानंच अर्ज फेटाळला गेला असता.

"हंसाबाई, तुम्ही राजीखुशीनं वेगळ्या राहता, असं तुम्ही म्हणाला होतात?"

"मी कवा म्हनलं? मी तं तिथं नव्हतीच."

"बाई बसत नाही नसाबात," देवीलाल म्हणाला. "तिच्या वतीनं मी बोललो."

"मग तुम्ही म्हणालात?"

"मी बी नाही म्हनलो. नायक म्हने, बाई भावाकडं राहीन, डोंगरसिंगनं वढून न्यायची नाही. डोमाजीबाबा म्हने, मंग तसं लिवतो."

"कागद वाचून कुणाला दाखवला?"

"नायकाले."

"आणि खाली यांचा अंगठा आहे, तो?"

हंसाबाईच सांगू लागली. "मी भाकरी करून राह्यली होती. हा भिया शाईची डब्बी घेऊन आला, म्हने लाव. मी हाताचं पीठ पुसलं, लावला. म्हनलं, भिया, काय लिवलं हाय यात? तं म्हने, चांगलंच लिवलं असन!" ती भावाकडे वळली. "शहाना!"

देवीलाल खाली बघत म्हणाला, "डोमाजीबाबानं लिवल्यावर कोन इचारते बाई?"

ते खरं होतं. आणि कागदाचा उपयोग झाला नव्हता असंही नाही. त्या दिवसापासून डोंगरसिंग तांड्यावर तिला ओढायला आला नव्हता. बाबांनी तेवढ्यासाठीच तो लिहिला असणार.

मी दोघांना सदाशिवराव वकिलांकडे नेलं. त्यांनी कागद दोनदा वाचला. "हा आपण नाही जोडला तरी समोरचा वकील हजर करील," ते म्हणाले. "नायकाकडे दुसरी प्रत असेलच. संमती हिची नव्हती, हे वाक्य लिहिणाऱ्याचं होतं, असं दाखवावं लागेल. लिहिणारा तर गेला."

"त्यांच्या कागदांच्या नकला घरी आहेत."

"मग शोध."

रविवारी दुपारी मी बाबांची पेटी उघडली. लिहिलेल्या प्रत्येक कागदाची नक्कल ते ठेवत. शेतीचे वाद, विहिरीचे, वारसाचे. त्यांत नवराबायकोचे कागद वेगळे काढले. चौदा निघाले. सगळ्यांत जुना एकावन्न सालचा होता. छप्पन साली दीक्षा घेतल्यावर बाबांनी घरातले देव काढून टाकले, दारावर नावाची नवी पाटी लावली. राजीखुशीचं हे वाक्य मात्र आधीच्या आणि नंतरच्या कागदांत अक्षरशः सारखं होतं. गावं बदलत होती, बायकांची नावं बदलत होती. त्यांतल्या किती जणी पुढे कोर्टात गेल्या आणि याच ओळीमुळे परतल्या, ते पेटीत लिहिलेलं नव्हतं.

सदाशिवरावांनी नकला पाहिल्या. "कौसल्या, तुला साक्ष द्यावी लागेल. अक्षर ओळखायचं आणि हा ठरलेला साचा होता हे सांगायचं. उलटतपासणीत तुझ्या बापाबद्दल विचारतील. विचार करून हो म्हण."

मायला मी त्याच संध्याकाळी सांगितलं.

"महिना नाही झाला त्याले जाऊन," ती म्हणाली, "अन् तू कोर्टात त्याचं नाव काढतं? काय चोरी केली का त्यानं?"

"चोरी नाही केली. तिला विचारलं नाही."

"काहून विचारन? तांड्यातल्या बाईले कोन बोलू देते?"

"तेच सांगायचं आहे मला."



पावसाळा सरता सरता तारीख लागली. माय माझ्या मागोमाग कोर्टात आली आणि व्हरांड्यात हंसाबाईच्या शेजारी बसली. समोरच्या वकिलानं कागद हजर केलाच. सदाशिवरावांनी मला उभं केलं. मी अक्षर ओळखलं. चौदा नकला दाखवल्या. मग समोरचा वकील उठला.

"म्हणजे तुमचे वडील खोटं लिहीत होते?"

"नाही. त्यांनी ऐकलं ते लिहिलं. ऐकलं ते फक्त पुरुषांकडून."

"तीस वर्षांचा अनुभवी माणूस चुकला, असं तुमचं म्हणणं?"

मला दुसरं काही म्हणता आलं असतं. त्या वेळची पद्धतच तशी होती, असं. तेही खोटं नव्हतं. पण मग वाक्य पद्धतीचं झालं असतं, आणि पद्धत बाईला मान्य होती असं तो म्हणाला असता.

"हो," मी म्हणाले. "ते चुकले."

मॅजिस्ट्रेटांनी जबानी लिहून घेतली. कारकुनानं ती वाचून दाखवली: माझे वडील सदर कागद लिहिण्यात चुकले. बरोबर आहे का, म्हणून विचारलं. बरोबर होतं. खाली पूर्ण नावानं सही करायची असते. कौसल्या, मग डोमाजी, मग आडनाव. मी तशी केली.

बाहेर आले तेव्हा मायनं विचारलं, "काय म्हनलं?"

मी सांगितलं.

"लिवून घेतलं?"

"हो."

"बरं," ती म्हणाली, आणि घराकडे चालू लागली.

दिवाळीनंतर निकाल आला. कागदावरची संमती हंसाबाईची नाही, असं कोर्टानं धरलं. तिला आणि मुलीला पोटगी मंजूर झाली. निकालाची नक्कल घेऊन बहीणभाऊ आमच्याकडे आले. देवीलालला गाडी गाठायची घाई होती.

"जितलो ना? मंग चाल."

"तू जाय," हंसाबाई म्हणाली. "बाई, मले हे सारं वाचून दाव."

देवीलाल गेला नाही, दाराशीच टेकला. मी पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. साध्या मराठीत सांगत गेले, अडलं तिथं देवीलाल त्यांच्या बोलीत सांगत गेला. एका ठिकाणी तिनं मला थांबवलं. नवऱ्यानं तिला नांदवायची तयारी दाखवली होती, तो मजकूर होता.

"मंग मले जा लागन का?"

"नाही. पुढे लिहिलं आहे. मारहाणीच्या भीतीनं ती जायला नकार देते, तो नकार योग्य आहे."

"मी नाही म्हनलं, हे लिवलं हाय?"

"लिहिलं आहे."

"कुठं?"

मी ओळ दाखवली. तिनं वाकून पाहिलं. तिला वाचता येत नव्हतं.

"अजून एकदा वाच," ती म्हणाली.

मी वाचलं. देवीलाल म्हणाला, उमरखेडची गाडी गेली असेल आता. दुसरी चार वाजता होती. मायनं दोघांसाठी भाताचं आधण वाढवलं.