बिनखिडकीची खोली

जगदेवीनं त्या डबीची जेवढी काळजी घेतली तेवढी स्वतःच्या डोळ्यांची घेतली असती तर तिच्या चष्म्याचा नंबर वाढला नसता. चार महिने! दिवाळीपासून शिवरात्रीपर्यंत. आणि त्या चार महिन्यांचं फळ तिला काय मिळालं ते ऐका.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी राजेश्वर सर परळीत जगदेवीच्या गल्लीत आले. शहाण्णव सालची गोष्ट. बाहेरगावच्या कॉलेजात ते फिजिक्स शिकवायचे. खांद्याला शबनम पिशवी आणि तिच्यात प्लास्टिकच्या डब्या. गल्लीतल्या सगळ्या मिळून तीस घरांत त्या लावायच्या होत्या. जगदेवीचा नवरा बसवराज याचं चौकात भुसार मालाचं दुकान होतं. तो दुकानाच्या घाईत होता, तेव्हा कागदावर मालक म्हणून सही ठोकून निघून गेला. पुढचं सगळं ऐकून घ्यायला उरली जगदेवी.

"जमिनीतून एक वायू निघतो मावशी," सर म्हणाले. "रेडॉन. वास नाही, रंग नाही. फरशीच्या फटींतून घरात येतो आणि जिथं हवा खेळत नाही तिथं साचतो. वर्षानुवर्षं छातीत गेला तर फुप्फुसाला वाईट. या डबीत फिल्मचा तुकडा आहे, त्यावर बारीक खुणा उमटतात. त्या मोजल्या की कळतं, घरात किती आहे ते. सगळ्यात कोंदट खोली कुठली तुमची?"

जगदेवी त्यांना सरळ माजघरापलीकडच्या आतल्या खोलीत घेऊन गेली. त्या खोलीची एक बाजू गल्लीला लागून होती, पण तिला खिडकीच नव्हती. तीन वर्षांमागं जुनं पाडून नवं घर बांधलं, स्लॅब पडला, पुढं ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या आल्या, गल्लीत वाहवा झाली. आतल्या खोलीशी आल्यावर सिदू गवंडी तीनदा विचारून गेला होता, "अव्वा, हितं खिडकी सोडू का?" आणि तिन्ही वेळा जगदेवीनं ठणकावलं होतं, "नको म्हणलं ना! बाळंतिणीची खोली हाय. वारा लागता कामा न्हाई." दोन लेकी होत्या तिला. थोरली रोहिणी लातूरला दिलेली आणि धाकटी कावेरी लग्नाची. दोघींची बाळंतपणं याच खोलीत करायची, हे तिनं पाया खणतानाच ठरवलं होतं.

सरांनी छताच्या कडीला दोरा बांधून डबी लोंबती सोडली. "हलवायची नाही, उघडायची नाही. आणि घर रोज जसं वापरता तसंच वापरा."

झालं. त्या दिवसापासून जगदेवी डबीची राखणदार झाली. कावेरीनं त्याच कडीला ओढणी वाळत टाकली तर तिला बोलणी बसली. संक्रांतीच्या आधी चुना मारायचा होता तर रंगाऱ्याला ती खोलीच वगळायला लावली. बाळ-बाळंतिणीला न्हाऊमाखू घालणारी भिवराबाई सहज डोकावली, तर "ही काय कुणी करणी केली का गं?" म्हणून डबी ओढायलाच निघाली. जगदेवीनं तिचा हात वरच्यावर धरला. समोरच्या घरातल्या भामाबाईच्या मधल्या खोलीतही एक डबी होती, आणि ती भली बाई महिन्यातच विसरून गेली. जगदेवी आठवड्याला रस्ता ओलांडून तिचीही डबी बघून यायची.

शिवरात्रीची जत्रा सरली तसे सर आले. डबी काढली, कागदात गुंडाळली, वर सतरा आकडा लिहिला.

"निकाल कळवा बरं का सर," जगदेवी म्हणाली.

"कळवू ना मावशी. नक्की."

पाडवा गेला. आखाजी झाली. रोहिणी सातव्या महिन्यात माहेरी आली आणि आतल्या खोलीत तिचा पलंग पडला. भिवराबाईनं तर आल्या आल्याच फर्मान काढलं, "आतापासनंच दार लावून निजायची सवय कर गं. पुढं सव्वा महिना बाहेरचं वारं बघायचं न्हाई." पोरगी गुणाची. घामाघूम व्हायची, पण दार लावून निजायची. सकाळी उठली की डोकं जड झालं म्हणायची, आणि जगदेवी म्हणायची, दिवस भरत आलेत, होतं असं.

मृगाच्या आसपास एका सकाळी पेपरात चार बोटांची बातमी आली. तीस घरांत रेडॉनची मोजणी झाली. चार घरांत प्रमाण फार जास्त निघालं. घरमालकांची नावं गुप्त ठेवली आहेत.

जगदेवीनं ती बातमी दोनदा वाचली आणि तिचं टाळकंच सरकलं. गुप्त? कुणापासून गुप्त? घर आमचं, खोली आमची, श्वास आम्ही घ्यायचा, आणि आमच्यापासूनच लपवायचं? चोराचं नाव झाकावं तसं झाकलंय मेल्यांनी! ती तरातरा दुकानात गेली आणि पेपर बसवराजच्या पुढ्यात धरला.

बसवराज तुरीच्या पोत्याला दाभण घालत होता. त्यानं मान वर केली नाही.

"पेपरवाल्याला काय, रकाना भरायचा असतो. सोड."

"कावून सोडू? लेक निजते त्या खोलीत. सरांला पत्र टाका."

"कावून पाठीमागं लागलीस? गल्लीत बोभाटा करायचाय का? पुढच्या महिन्यात कावेरीला बघायला पावणे येतेत. घरात इषारी वारा हाय म्हणल्यावर कोण पाऊल टाकंल दारात?"

तेव्हाच जगदेवीच्या ध्यानात यायला हवं होतं, की पेपरात कुणाचं नावच नसताना या माणसाला बोभाट्याची एवढी धास्ती कशाची? पण ती सरांवर इतकी भडकली होती की नवऱ्याच्या तोंडाकडं बघायला तिला फुरसत नव्हती. दुसऱ्या दिवशी, बहिणीकडं जाते म्हणून सांगून तिनं सकाळची एसटी धरली.

कॉलेजात सर तासावर होते. शिपाई म्हणाला, बाहेर बसा. ती बसली नाही. व्हरांड्यात उभीच राहिली, आणि सर खडूचे हात झटकत आले तशी तिनं तोफ डागली.

"काय सर, कळवू म्हणलेलं ना? माझी लेक पोटुशी हाय. त्याच खोलीत निजते. तुमी पेपरात छापून आणलं आणि आमाला गुप्त? लाज वाटती का जरा?"

सर गडबडले. तिला आत नेऊन त्यांनी पाणी दिलं, मग कपाटातून फाईल काढली. सतरा नंबरचं पान उघडलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"मावशी, नावं पेपरापासून गुप्त ठेवली, तुमच्यापासून नाही. चारही घरमालकांना आम्ही रजिस्टर पत्रं पाठवलीत. काय निघालं, काय करायचं, सगळं लिहून. पाडव्याच्याच आठवड्यात. ही बघा तुमच्या घरची पोच."

टपालाची ती छोटी पोचपावती होती. खाली सही होती. बसवराज. 'ब'चं पोट फुगलेलं आणि शेवटच्या अक्षराची शेपटी पार कागदाच्या कडेपर्यंत ओढलेली. अठ्ठावीस वर्षं ती सही जगदेवी बघत आली होती. शेजारी दुकानाचा शिक्काही होता, म्हणजे शंकेला जागाच नको.

पाडवा. आणि रोहिणी आली आखाजीनंतर. जगदेवीचा असा संताप उसळला की हातातला पेला तिनं टेबलावर आपटलाच.

"म्हणजे त्यांला ठावं होतं! पलंग त्यांच्या डोळ्यांसमोर टाकला मी. सरळ करून दिला की त्यांनीच!"

"आम्ही मालकांना कळवलं होतं..." सर पुटपुटले.

"मालक! डबी कुणी सांभाळली सर? चार महिने डोळ्यांत तेल घालून कुणी राखली? 'मावशी, मावशी' करत सगळं मला समजावून सांगितलंत, आणि पत्र धाडलं ज्यानं डबीकडं मान वर करून बघितलं न्हाई त्याला! त्या खोलीत कोण निजतंय, हे तुमाला मालक सांगणार?"

सरांनी फाईल मिटली. मग म्हणाले, "चुकलं माझं मावशी. तुम्हालाच सांगायला हवं होतं."

एवढं तरी कबूल केलं गड्यानं. मग त्यांनी नीट समजावलं. दोनशेच्या वर आकडा गेला की काहीतरी करायला हवं, आणि सतरा नंबरच्या खोलीचा आकडा होता सातशे चाळीस. महिनाभरानं पोरीला काही होत नाही, घाबरू नका. हे दुखणं वर्षानुवर्षांचं. डोकं जड होतं ते त्या कोंदट खोलीनं. पण तान्ह्या बाळाला तिथं कोंडून ठेवू नका. फरशीच्या फटी सिमेंटनं बुजवा, मोठी खिडकी काढा, हवा आरपार खेळू द्या. मग मी पुन्हा डबी लावतो.

"बाकीची तीन घरं कुठली?" जगदेवीनं जाता जाता विचारलं.

"ते मला सांगता येणार नाही."

"नका सांगू. माझं मी बघते."

घरी पोचली तेव्हा दुपार झाली होती. बसवराज जेवायला बसला होता. कावेरी शिकवणीला गेली होती आणि रोहिणी ताटात भाकरी वाढत होती. जगदेवीनं पायातल्या चपलाही काढल्या नाहीत.

"पत्र कुठाय?"

"कसलं पत्र?"

"पाडव्याला सही करून घेतलेलं. सतरा नंबरचं. मी सही बघून आले तुमची, शिक्क्यासकट."

बसवराजचा घास हातातच राहिला. रोहिणीनं भाकरीचं टोपलं खाली ठेवलं.

"आप्पा, मी आले तवा तुमाला ठावं होतं?"

"अगं, तसं काय न्हाई," बसवराज ताटाकडं बघत म्हणाला. "शिकल्या-सवरल्या लोकांचे खेळ असतेत हे. आमी काय जगलो न्हाई का अशा घरात? एवढं काय इषारी-बिषारी न्हाई. तुझ्या बहिणीचं स्थळ हातचं जाऊ नये म्हणून गप बसलो, दुसरं काय!"

जगदेवी तशीच वळली. ती आतल्या खोलीत गेली. रोहिणीचा पलंग तिनं ओढत माजघरात आणला. मग बसवराजची गादी, उशी, चादर उचलून त्या रिकाम्या खोलीत नेली, खाली अंथरली, वर चादर नीट सारखी केली आणि दारात येऊन उभी राहिली.

"या."

"काय?"

"एवढं काय न्हाई ना? मग निजा हितं सव्वा महिना. जेवाण आत देते. दार मी लावते बाहेरनं."

बसवराज हात धुऊन उठला. हसण्यावारी नेतो असं तोंड करून चार पावलं आला. उंबऱ्यापाशी पाय उचलला, आणि तो पाय तिथंच अडला. आतला अंधार बघत राहिला, मग हळूच पाय मागं घेतला.

रोहिणी बघत होती. पोटावर हात ठेवून, भिंतीला टेकून, बापाच्या त्या पायाकडं बघत होती. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. बसवराज तिच्याकडं न बघता चपला घालून दुकानात निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिदू गवंडी छिन्नी-हातोडा घेऊन हजर झाला. भिवराबाईला खबर लागलीच होती. दारात बसून ती कळवळत होती, बाळंतिणीला वारं बाधंल, कुणी ऐकत कसं न्हाई माझं! "भिवरामावशी, नको म्हणणारी मीच होते. वाऱ्याला भ्याले आणि लेकीला कोंडलं. आता पुरे," जगदेवी म्हणाली. तिनं सिदूच्या हातातून हातोडा घेतला आणि गल्लीकडच्या भिंतीवर पहिला घाव स्वतः घातला. गिलाव्याचा पोपडा उडाला.

"केवढी काढू अव्वा?" सिदूनं विचारलं.

"मोठी काढ. सगळ्या गल्लीला दिसंल एवढी."

ठोकाठोक ऐकून बायका गोळा झाल्या. नव्या घराची भिंत का फोडायलात म्हणून विचारू लागल्या. जगदेवी बाहेर आली, पदर खोचला आणि खणखणीत आवाजात सगळं सांगितलं. डबी, आकडा, पाडवा, सही, काही म्हणता काही राखलं नाही.

"आणि अजून तीन घरं हायेत गल्लीत," ती म्हणाली. "कुठली ते मला ठावं न्हाई. जिनं तिनं आपल्या घरी इचारा."

बायका एकमेकींकडं बघत राहिल्या. समोरची भामाबाई तेवढी थांबली नाही. ती वळली, रस्ता ओलांडून आपल्या घरात गेली, आणि घटकाभरानं तिचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू आला.

"अहो, पाडव्याला रजिस्टर कसलं आलतं?"