तुटलं म्हणायचं नाही

माझ्या नातीचा, समिधाचा साखरपुडा झाला त्या वर्षाची ही गोष्ट. दोन हजार तेवीस साल, डिसेंबर महिना. साखरपुड्याच्या दिवशी ह्यांना हॉलचा जिना चढवेना. धाप लागली, ओठ काळे पडले. तपासणीत कळलं की हृदयाची झडप बदलावी लागणार. ऑपरेशन सोमवारी, अठरा तारखेला ठरलं. रविवारी सकाळी दवाखान्यात भरती व्हायचं होतं.

त्याआधीच्या गुरुवारी मी अधारतालला नणंदेकडे गेले. तिने ह्यांच्यासाठी अंगारा आणून ठेवला होता. येताना मदन महलची बस धरली. ओमतीला गर्दी चढली. एका बाईच्या पर्सची कडी माझ्या मंगळसूत्रात अडकली. ती उतरायला वळली आणि काळे मणी खाली सांडले. मी गुडघ्यांवर बसून वेचायला लागले. कंडक्टर ओरडला, "अम्मा, उठो, दब जाओगी!" हाताला आलं तेवढं रुमालात बांधलं आणि माझा स्टॉप आला तशी उतरले.

घरी येऊन मोरीचं दार लावून रुमाल सोडला. मणी होते. वाटी एकच होती.

आमच्यात मंगळसूत्र तुटलं असं म्हणत नाहीत. वाढलं म्हणतात. बांगडीही फुटत नाही, वाढते. लहानपणी बांगडी फुटली म्हटलं म्हणून आईने माझ्या तोंडावर चापट मारली होती. तेव्हापासून तो शब्द माझ्या जिभेवर आला नाही. आणि आता तर घरात माणूस असा, सोमवारी छाती उघडायची, आणि माझ्या गळ्यात काही नाही.

साडी झटकली, पिशवी उलटी केली. वाटलं, दुसरी वाटी कपड्यांत अडकून घरापर्यंत आली असेल. पायपुसणं झाडलं. चपला उलट्या करून पाहिल्या. मग हे पडले होते त्या पलंगाखाली शिरले.

"काय शोधून राहिली तू?" वरून आवाज आला.

"तुमचा चष्मा."

"तो माझ्या नाकावर आहे."

"मग दुसरा."

"दुसरा कधी होता? ऑपरेशन माझं, अन् भान तुझं गेलं. अन् घरात शाल काहून गुंडाळली?"

"थंडी आहे."

"पलंगाखाली?"

त्या रात्री शाल घेऊनच झोपले.

शुक्रवारी गच्चीवर जाऊन, तिकिटामागे छापलेल्या नंबरवर फोन लावला. "भैया, कल मेरा मंगलसूत्र बढ़ गया, ओमती के पास. एक वाटी गिरी है."

"बढ़ गया?" पलीकडचा म्हणाला.

"हाँ, बढ़ गया."

"अच्छा. नाम बोलिए."

नाव सांगितलं. दिवसभर फोन उशाशी, ओट्याशी, तुळशीपाशी घेऊन फिरले. आला नाही. भाजीत दोनदा मीठ पडलं. ह्यांनी मुकाट्याने खाल्ली, आणि त्यानेच मला जास्त धास्ती बसली.

शनिवारी समिधाला ह्यांच्यापाशी बसवलं आणि बसवाल्यांच्या ऑफिसात गेले. खिडकीमागे चाळिशीचा बाबू होता. खिशावर नाव होतं, अनुपम. त्याने रजिस्टर काढलं.

"हाँ अम्मा, आपका लिखा है. पर कटोरी तो कोई नहीं मिली. एक टिफिन है, दो छाते हैं."

"कटोरी नहीं भैया, वाटी. सोने की. मंगलसूत्र की."

त्याने ड्रॉवर उघडून आत काही पाहिलं आणि पुन्हा लावला. "सोने का एक दाना कंडक्टर ने जमा किया है. पर वो तो टूटे मंगलसूत्र का है. आपका तो बढ़ा है."

मी रजिस्टर माझ्याकडे वळवून वाचलं. खरंच लिहिलं होतं: मंगलसूत्र बढ़ गया, एक कटोरी गिरी. त्याची चूक नव्हती. मी म्हटलं तेच त्याने लिहिलं होतं.

"मेरा वही है," मी म्हटलं. रुमालातली दुसरी वाटी दाखवली. त्याने ड्रॉवरमधली काढून शेजारी धरली. जोड जुळत होती.

"मान लिया अम्मा. पर सोने की चीज़ है, अर्जी लगेगी. क्या गया, कैसे गया. लिखना आता है?"

"आता है."

"तो अपने हाथ से लिख दीजिए."

साठी उलटल्यावर समिधाने मला अक्षरं शिकवली. त्याआधी असतं तर बाबूने लिहिलं असतं आणि मी खाली अंगठा टेकवून मोकळी झाले असते. शब्द त्याचा झाला असता. आता कागद माझ्यापुढे होता आणि पेन माझ्या हातात.

मी लिहिलं, मेरा मंगलसूत्र बस में गिर गया.

"पूरा कहाँ गिरा? साफ लिखिए, साहब पूछते हैं."

तो कागद फाडला. दुसऱ्यावर लिहिलं, अलग हो गया.

"अम्मा, तलाक की अर्जी है क्या?" मागे रांगेत उभे होते ते हसले. एक जण म्हणाला, "चलो माताजी, हमें भी छाता लेना है."

तिसरा कागद. 'टू' लिहिला आणि हात थांबला. तेवढ्यात फोन वाजला.

"आजी, तू कहाँ है? आबा विचारून राहिले. धाप लागली त्यांना."

"जास्त?"

"जास्त नाही, पण तू ये ना."

मी लिहिलं. टूट गया. खाली सही केली. अक्षर वाकडं आलं, तरी वाचता येत होतं. बाबूने कागदाच्या पुडीत वाटी दिली. बाजारात पटव्याकडून घाईघाईत मणी आणि दोन्ही वाट्या ओवून घेतल्या आणि रिक्षाने घरी आले. हे तक्क्याला टेकून बसले होते, जरा बरे दिसत होते. त्यांनी माझ्या गळ्याकडे पाहिलं.

"दोरा नवा दिसून राहिला."

मग सगळं सांगितलं. बस, वाटी, बाबू. शेवटी म्हटलं, "मी लिहिलं हो. माझ्या हाताने. तुटलं म्हणून."

हे हसले, हसता हसता खोकले. "बरं केलं. फॅक्टरीत मी चाळीस वर्षं रजिस्टर भरलं. तुटलं तर तुटलं लिहायचं. वाढलं लिहिलं असतं तर स्टोअरवाल्याने नवा पार्ट दिला असता का?"

"तुम्हाला थट्टा सुचते."

"मग काय करू? माझी झडप बिघडली. ती वाढली असं कोणी म्हटलं का? बिघडली म्हटलं, म्हणून तर बदलून राहिले."

मला हसू आलं नाही. सोमवारी ऑपरेशनच्या सहा तासांत मी बाकावर बसले नाही, या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत राहिले. समिधा म्हणाली, आजी, पाय दुखतील. दुखले. संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, सगळं ठीक झालं.

समिधाच्या लग्नात हे खुर्चीवर बसून अक्षता टाकत होते. त्यानंतरचा पावसाळा आणि दिवाळीही त्यांनी घरी पाहिली.

हेही माझ्या हाताने लिहिते: माझे पती श्रीरंग पुंडलिक काळबांडे अकरा फेब्रुवारी दोन हजार पंचवीसला, मंगळवारी सकाळी, मदन महलच्या घरी वारले. त्यांचं वय अठ्ठ्याहत्तर होतं.