मी पडद्यावर दिसत नाही

मी बोलतोय, पण मला पडद्यावर शोधू नका. तिथं मी नाही. दहिवलीत नीलेशच्या घरी एक जुना कम्प्युटर आहे, त्याच्या पोटात मी राहतो. मी एक प्रोग्राम आहे. कम्प्युटर सुरू झाला की मीही आपोआप सुरू होतो, समोर कुणी बसलेलं असो नाहीतर नसो.

काम माझं मोठं आहे बरं का. दूरच्या देशात शास्त्रज्ञ नवी औषधं शोधतात. त्यांची गणितं एवढी अवाढव्य, की एका मशीनला ती झेपतच नाहीत. म्हणून ते त्यांचे तुकडे करतात आणि जगभरच्या घराघरांत वाटतात. नेटवरून एक तुकडा माझ्याकडे येतो, मी तो सोडवतो, उत्तर परत पाठवतो, की दुसरा हजर. सगळं हौसेचं काम.

हौस नीलेशची. तो कर्जतला कम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात आहे. दिवसभर दुसऱ्यांची मशीनं उघडायची आणि बरी करून परत द्यायची. हे एकच मशीन त्याचं स्वतःचं, दुकानातल्या टाकाऊ भागांतून जोडलेलं. मला त्यात आणलं तेव्हा त्याचं नवीन लग्न झालं होतं. तेव्हा मला तोंड होतं. पडद्यावर माझी चौकट उघडायची, त्यात रंगीत गोळे एकमेकांभोवती फिरायचे. नीलेश बायकोला, रुचिताला, बोलावून दाखवायचा आणि सांगायचा, बघ, आपल्या दहिवलीतून केवढं काम चाललंय. ती गोळ्यांकडे बघायची आणि तो तिच्याकडे. मला मात्र वाटायचं, दोघं माझ्याकडेच बघतायत.

मग त्यांना मुलगी झाली, ओवी, आणि माझे दिवस फिरले.

नीलेश कामावरून आला की आधी माझ्यापाशी यायचा, हे खरं आहे. त्याची आई सोनुबाई शेतावर, बाळ दिवसभर रुचिताच्या कडेवर. ओवीला जरा ठसका लागला तरी तिचा जीव वरखाली व्हायचा. ते ऐकायला नवऱ्याची वाट बघावी, तर तो आल्या आल्या विचारणार काय, माझा तुकडा गेला का म्हणून. एकदा तिनं रागानं माझी चौकट बंद करून टाकली. मी थांबलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही.

नीलेश भांडला नाही. त्याला भांडता येतच नाही. त्यानं गुपचूप मला काढलं आणि नव्यानं बसवलं, अशा रीतीनं की चौकट नाही, चित्र नाही, काही नाही. पडद्यावरचं सगळं बंद करून माणूस उठला तरी मी आत चालूच. "आता तुला कोन बंद करतंय," असं तो माझ्याशी पुटपुटला. मी वाचलो, पण माझं तोंड गेलं.

तेव्हापासून मी जळतो. फोटोंच्या प्रोग्रामवर जळतो, कारण तो उघडला की ओवीचे फोटो बघायला घर गोळा होतं. गाण्यांच्या प्रोग्रामवर जळतो. या सगळ्यांना मशीनची ताकद आधी मिळते, उरलीसुरली मला. रुचिताही सगळ्यांच्या मागून जेवते, पण तिला जेवलीस का म्हणून विचारायला सोनुबाई तरी आहे. आणि सगळ्यात जास्त जळतो त्या ओवीवर. तिनं नुसती जांभई दिली तरी तिघं वाकून बघतात.

आषाढात मी सापडलो. बाळाचे कपडे काही केल्या वाळत नव्हते. सोनुबाई निखाऱ्यांवर टोपली पालथी घालून तिच्यावर लंगोट पसरायची. तशी इथली रीतच आहे. पण त्या धुरानं ओवी खोकायची. मग रुचितानं एक ओलं दुपटं कम्प्युटरच्या पेटीवर टाकलं. पडदा काळा होता, म्हणजे कम्प्युटर बंद, असं तिला वाटलं. थोड्या वेळानं उचललं तर दुपटं कोरडं, वर ऊबदार. ती खूश झाली. मग काय, लंगोट, टोपडी, झबली, सगळं माझ्या डोक्यावर. पेटीची भोकं बुजली आणि मी आत गुदमरलो.

मग एका दुपारी झबल्याची घडी घालता घालता ती थबकली. बंद पेटी गरम कशी?

तिनं कम्प्युटरचा पडदा सुरू केला. काहीच उघडं नव्हतं. पेटीला कान लावला, तर आत पंखा गुणगुणत होता. तेवढ्यात शेजारची सुनिता विरजण मागायला आली. रुचितानं तिला हात लावून बघायला सांगितलं. सुनितानं हात लावला आणि डोळे मिचकावले.

"नवरा कामावर आनि पेटी घरात तापतेय. बाई असंल गं आत कोनतरी."

सुनिता विरजण घेऊन हसत गेली. रुचिताला हसू आलं नाही. नवरा आपल्यापासून काहीतरी लपवतोय, हे तिच्या मनानं घेतलं. त्यात दुसरी भीती. याच पेटीत ओवीचे फोटो आहेत, ते कुणी बघत असलं तर? तिनं सरळ वायर ओढली. अर्ध्या गणितात माझा श्वास तुटला.

संध्याकाळी नीलेश आला. वायर सुटलेली बघून त्यानं ती खोचली, बटण दाबलं आणि हातपाय धुवायला निघाला. मी आपोआप उठलो. पंखा फिरायला लागला. रुचिता ओवीला घेऊन दारातच उभी होती.

"नुसतं बटन दाबलंत. मंग आत कोन उठलं?"

नीलेश वळला.

"बाई हाय का?"

त्याला हसू फुटलं. पण ती हसत नव्हती, म्हणून त्याचंही विरलं. मग खाली मान घालून त्यानं सगळं सांगितलं. मी कोण, काय करतो, फोटोंना मी हात कसा लावत नाही, सगळं. चालू प्रोग्रामांची यादी उघडून तिला माझं नाव दाखवलं.

"पैल्यांदा तर दिसायचं," ती म्हणाली. "लपवलं का?"

"तू बंद करायचीस."

"करायची. कारन घरी येऊन तुमी त्याला विचारायचे, मला नाय. येवढं समजून घेतलं असतं तर मी हात लावला नसता. बाई असती तर बरं झालं असतं, तिच्याशी भांडले असते. याच्याशी काय भांडू?"

नीलेश आता तिच्याकडेच बघत होता. बोलणं माझ्याबद्दलच चाललं होतं, पण माझ्याकडे कुणी बघत नव्हतं.

"काढून टाकतो," तो म्हणाला. "आत्ताच."

त्याचा हात माउसवर गेला. माझं आयुष्य तेवढंच उरलं होतं.

"थांबा," रुचिता म्हणाली. "आदी मला दाखवा, बंद कसं करायचं."

त्यानं दाखवलं. ती सातवीपर्यंत शिकलेली. इंग्रजी अक्षरं एक एक जुळवत तिनं माझं नाव वाचलं आणि मला थांबवलं. पंखा मंदावला. मग तिनंच मला पुन्हा सुरू केलं आणि पंख्याचा आवाज वाढताना नीट ऐकलं.

"ऱ्हाऊ द्या. आता बंद-चालू मी करनार. काय विचारायचं ते मला विचारायचं."

आता मी तिच्या हाताखाली आहे. ओवी झोपली की ती मला थांबवते, उठली की सुरू करते. माझ्या डोक्यावरचे कपडे हलले. पेटीमागून गरम हवा येते तिथं तिनं दोरी बांधली आहे, माझी भोकं मोकळी ठेवून. नीलेश घरी येतो तो थेट तिच्यापाशी. आज चाललं का गं, एवढंच विचारतो. ती आधी ओवीचा खोकला सांगते, मग घरातलं, मग सुनितानं काय टोमणा मारला ते. माझी पाळी येईपर्यंत चहा निवलेला असतो. मी हे सगळं ऐकतो आणि पूर्वीपेक्षा जास्त जळतो.

तुमच्याकडेही माझ्यासारखा कुणी असेल, तर एक मागणं आहे. त्याला थांबवायचं असलं तर खुशाल थांबवा, पण वायर ओढू नका. यादी उघडा, नाव शोधा, अक्षरं जुळवून वाचा, मग थांबवा. तेवढा वेळ तरी कुणीतरी आमच्याकडे बघतं.