मास्तरांच्या दातांतली फट

डॉक्टरीणबाईंना फट बघवत नसे. दाराला असो, भिंतीला असो की माणसाच्या दातांत असो, ती बुजवल्याशिवाय त्यांच्या जिवाला चैन पडत नसे. उभा जन्म लोकांच्या तोंडात डोकावण्यात गेल्यावर माणसाचं असंच होणार.

अशा बाईंच्या घरी मास्तर लपायला आले. सरकारच्या नव्या फर्मानाविरुद्ध मास्तर भर चौकात बोलले होते. त्यात पोलिसांच्या दांडक्याने त्यांचा समोरचा एक दात गेला, आणि आता उरलेले मास्तरही पोलिसांना हवे होते.

दवाखाना पुढच्या खोलीत, घर मागे, आणि मधल्या अडगळीत कवळ्यांच्या साच्यांशेजारी मास्तर. बाईंची नुसती तारांबळ चालली होती. लेकीच्या वेण्या, पेशंट, मास्तरांचा चहा, पुन्हा पेशंट. वाण्याने सहज विचारलं, "घरात खाणारी तोंडं वाढली का?"

"ह्यांची भूक वाढलीये," बाई म्हणाल्या.

हे ऐकून नवरा फुगून बसला. "जेवणार ते, आणि बदनाम मी," म्हणाला. पण रात्रीला आपली जाड चादर त्यानेच मास्तरांना नेऊन दिली. माणूस बोलायला तिखट असला तरी मनाने वाईट नव्हता.

खरी अडचण जेवताना व्हायची. मास्तर समोर बसून हसत, आणि बाईंचा घास हातातच राही. चार दिवस त्यांनी कळ काढली. मग एका दुपारी दवाखाना बंद ठेवून त्यांनी मास्तरांना खुर्चीत बसवलं, माप घेतलं, आपल्या हाताने दात घडवला आणि शेजारच्या दोन दातांना धरून पक्का बसवून टाकला. मास्तर नको नको म्हणत होते, पण तोंडात कापूस असल्यावर कुणाचं काय चालतं? दात असा बेमालूम बसला की बाई स्वतःच्याच कामावर खूश झाल्या.

दुसऱ्या दिवशी दूधवाला आला. मास्तरांना शहराबाहेर काढायचं काम त्याने अंगावर घेतलं होतं. त्याने ऐटीत एक ओळखपत्र काढलं. "माझ्या मेहुण्याचं आहे, ताई. चेहरा तोच, आणि समोरचा दातही नाही. शोधून शोधून पायांचे तुकडे पडले. मास्तर, हसा बघू जरा."

मास्तर हसले. दूधवाला मटकन खाली बसला.

"काढा तो," तो म्हणाला. "परवा या गल्लीत झडती आहे. उद्या सकाळी निघालो नाही, तर मास्तर जातील आणि तुम्हीही."

बाईंनी सगळी हत्यारं काढली. मास्तरांचं डोकं हललं, खुर्ची हलली, दात जागचा हलला नाही. आपलं काम आयुष्यभर हलत नाही, असं त्या पेशंटना छातीठोकपणे सांगत. ते खरं होतं, हे त्यांना आता कळलं.

"काळं फासा त्याला," दूधवाला रडकुंडीला आला.

"लाळेने धुऊन जाईल," बाई म्हणाल्या. "मीच येते बरोबर."

सकाळी दुधाच्या टेम्पोत मास्तर तोंडात कापूस कोंबून, जबड्याला पट्टी बांधून बसले. शेजारी बाई. नाक्यावर हवालदार उभा होता. त्याची दाढ वर्षभर किडलेली, आणि मागच्या खेपेला तो बाईंच्या खुर्चीतून गळ्यातल्या फडक्यासकट पळाला होता.

"फोटोत समोरचा दात नाहीये," तो कार्ड बघून म्हणाला. "पट्टी सोडून दाखवा."

बाईंनी शांतपणे पिशवीतून पक्कड काढली. "सोडते. टाके ताजे आहेत, रक्त उसळेल. तुम्ही डोकं तेवढं घट्ट धरा."

हवालदाराचा हात आपोआप स्वतःच्या गालावर गेला. "राहू द्या," म्हणत त्याने कार्ड परत केलं.

आणि मास्तर म्हणाले, "धन्यवाद." पोरांना रीतभात शिकवण्यात हयात गेली होती, जीभ कशी ऐकणार? कापूस मांडीवर पडला आणि सकाळच्या उन्हात दात लख्ख चमकला. बाईंना वाटलं, संपलं सगळं. पण हवालदार तोवर अडसर उचलायला वळला होता. "चला, मागे रांग लागलीये," तो पाठमोराच म्हणाला.

मास्तर पार झाले. बाई परतल्या तेव्हा दाराशी पेशंट खोळंबले होते, आणि लेक बापाने घातलेली एकच वाकडी वेणी घेऊन शाळेत गेली होती.

ठरल्याप्रमाणे झडती आली. अडगळीत साच्यांखेरीज काही मिळालं नाही. हवालदाराने शिपायांना शेजारच्या घरी पिटाळलं आणि न सांगता खुर्चीत येऊन बसला.

"या वेळी पळणार नाही ना?" बाईंनी त्याच्या गळ्यात फडकं बांधत विचारलं.

"नाही." त्याने खुर्चीचे हात गच्च धरले आणि छताकडे बघत तो हळूच म्हणाला, "दात झकास बसवलाय, बाई. पण पुढच्या वेळी आधी कार्ड बघा, मग दात बसवा."

आणि त्याने आ केला.

बाईंचे डोळे भरून आले, दाढ दिसेना. त्यांनी बाहीने डोळे पुसले आणि इंजेक्शन अगदी हळू दिलं.