आखूड झालेला पाव

मित्रांनो, मी एक जुना पावाचा साचा आहे. लांबट, पत्र्याचा, ठिकठिकाणी पोचे आलेला. माझे काळे अंग पाहून नाक मुरडू नका. बत्तीस वर्षे भट्टीत तापून मी ते कमावले आहे. एका पत्रेकाराने मला ठोकूनठाकून घडवले, तेव्हापासून मी एकाच बेकरीत आहे. आमच्या पावाचे सगळे कौतुक करत. साच्याचे कोणी करत नसे, पण माझी त्याबद्दल तक्रार नाही. बरं, थोडीशी आहे.

मला पहिल्यापासून एक खोड आहे, भोचकपणाची. फळीवर बसल्याबसल्या मी दुकानातले सगळे ऐकतो. गेल्या वर्षी तर एकच विषय होता, महागाई. गिऱ्हाईक म्हणे, बेकरीवाला लुटतो. बेकरीवाला पीठवाल्याला दोष देई, पीठवाला ट्रकवाल्याला आणि ट्रकवाला डिझेलकडे बोट दाखवी. सगळेच रडत होते. मग जास्तीचा पैसा जात होता तरी कुठे? मला काही उमजेना.

आमचे मालक भाव वाढवायला धजेनात. शेवटी एका पहाटे त्यांनी माझ्या पोटात एक पत्रा आडवा बसवला. पाव दोन बोटे आखूड झाला, किंमत मात्र तीच राहिली. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

तिसऱ्या दिवशी बाई आल्या. बाई म्हणजे मालकांना शाळेत शिकवलेल्या शिक्षिका, आता निवृत्त, आणि आमच्या दुकानाची जागाही त्यांचीच. त्यांचे बिनसले असते तर दुकानच उठले असते. त्यांनी पिशवीतून फूटपट्टी काढली आणि सगळ्यांदेखत पाव मोजला.

"काय रे, माझा दोन बोटं पाव गेला कुठे?"

मालकांचे तोंड एवढेसे झाले. "चुकलं, बाई. भाव वाढवला तर गिऱ्हाईक तुटेल, म्हणून लपवलं."

"ते कळलं. गेला कुठे, ते सांग."

मालकांनी सुरी घेतली आणि पावाचे चार तुकडे कापून ओळीने मांडले. मी फळीवरून डोळे फाडून पाहत होतो.

"हा पिठाचा. हा भट्टीच्या इंधनाचा. हा कामगारांच्या पगारवाढीचा, त्यांनाही घर आहेच. आणि खरं सांगतो, यातलाच एक कोपरा माझा. मुलीची फी वाढली."

"गहू तर उतरलाय म्हणतात. मग पीठ का नाही उतरलं?"

"मीही विचारलं. पीठवाला म्हणाला, भावाला चढायला जिना असतो, उतरायला नसतो."

"अस्सं! आणि हा चौथा?"

मालकांनी सुरी खाली ठेवली. माझा जीव टांगणीला लागला.

"तो तुमच्याकडे येतो, बाई. भाडं वाढलं ना."

बाई स्टुलावर बसल्या. त्यांनी तो तुकडा हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "औषधं महागली, म्हणून मी भाडं वाढवलं," त्या हळूच म्हणाल्या, "आणि भाडं वाढलं, म्हणून माझाच पाव आटला."

मग त्यांनी त्या तुकड्याचे दोन भाग केले. एक मालकांपुढे सरकवला.

"भाड्यातली निम्मी वाढ सोडली. निम्मी मला लागेल, औषधं काही फुकट मिळत नाहीत. तू तो पत्रा काढ, भाव थोडा वाढव आणि दारातल्या फळ्यावर उघड लिही."

"आणि लोक बोलले तर?"

"बोलू देत. हेच तुकडे कापून दाखव."

पिशवी उचलून त्या दारापर्यंत गेल्या आणि थांबल्या. "त्या पीठवाल्याकडे मी आत्ताच जाते. तोही माझ्याच वर्गात होता."

दोन दिवसांनी पिठाच्या भावाला उतरायला जिना सापडला. फार नाही, दोन पायऱ्यांचा. नव्या भावाने आमची काही गिऱ्हाइके तुटली, त्याचे मला वाईट वाटते. पण बरीचशी टिकली.

मित्रांनो, भाव वाढला की जरूर विचारा, पैसा गेला कुठे म्हणून. माझ्यासारखे भोचक व्हा. फक्त विचारत विचारत आपल्याच दारी आलात, तर मागे फिरू नका.