वरची बाजू कुठली

आर्किटेक्चरच्या मुलांना मी दोन गोष्टींवरून ओळखतो: शीट किती वाजता जमा केली आणि जमा करताना चेहरा कसा होता. पहिली गोष्ट रजिस्टरात लिहावीच लागते. दुसरी मी शेऱ्याच्या रकान्यात बसवतो. विट्याहून कडेगावकडं जाताना उसाच्या मधोमध आमचं कॉलेज आहे आणि सोळा वर्षं मी तिथल्या डिझाइन स्टुडिओचं रजिस्टर सांभाळतोय. शेऱ्याचा रकाना कोणी वाचत नाही, म्हणून तो मी मनापासून भरतो.

राजवर्धन सरांना मात्र शेरे नकोत, आकडे लागतात. सर रोज सांगलीहून येतात, दुसऱ्या वर्षाला डिझाइन शिकवतात आणि उरलेल्या वेळात पीएच.डी. करतात. विषय असा, की विद्यार्थ्याची विचार करायची ताकद आणि त्याचं डिझाइन शिकणं यांचा एकमेकांशी संबंध काय. जुलैत त्यांनी वर्गातल्या एक्केचाळीस मुलांची चाचणी घेतली. कागदाची घडी घालून भोक पाडलं तर उलगडल्यावर भोकं कुठं दिसतील, ठोकळा मागच्या बाजूनं कसा दिसेल, असले चाळीस प्रश्न. डिसेंबरात डिझाइनचा निकाल लागल्यावर सरांनी आलेख काढला. चाचणीचे गुण आडवे, डिझाइनचे उभे. चाळीस ठिपके मुंग्यांच्या रांगेसारखे खालून वर निघाले होते. रांगेच्या पुढं संयोगिता होती, मागं यशराज. एक्केचाळिसावा ठिपका उजवीकडं खाली, रांग सोडून एकटाच बसला होता.

तो सोनम दडसचा. चाचणीत चाळीसपैकी एकोणचाळीस, वर्गात सगळ्यांत जास्त. डिझाइनमध्ये शंभरपैकी अडतीस. पास व्हायला पंचेचाळीस लागतात. आदल्या वर्षी तिला एकतीस होते, म्हणजे दोनदा नापास. आमच्याकडं तिसरी खेप शेवटची असते. एप्रिलच्या ज्युरीत, म्हणजे बाहेरचा परीक्षक येऊन शीट तपासतो त्यात, पंचेचाळीस मिळाले नाहीत तर पटावरून नाव कमी होणार होतं आणि तसं पत्र माण तालुक्यातल्या तिच्या गावी, वडील हरिबा दडस यांच्या नावानं, मलाच पाठवावं लागणार होतं. हरिबा त्या दिवसांत मेंढरं घेऊन कुठल्या रानात असतील हे पोस्टमनलाही सांगता आलं नसतं, पण पत्र पाठवायचं ते पाठवायचंच.

जानेवारीत मुलांना काम मिळालं: माणातल्या मेंढ्यांसाठी दवाखाना. संयोगितानं चौदा शीट केल्या. ती कडेगावची, वडील फौजेतून सुभेदार होऊन आलेले, घरात वस्तू जागच्या जागी. तिची रेघही तशीच, सावधानमध्ये उभी. झाडांना रंग, खिडक्यांना सावल्या. दवाखाना बघून कोणालाही वाटावं, की आजारी पडलो तर हितंच यावं.

सोनमच्या शीट नऊ. त्यांचं दुखणं वेगळं होतं. प्रत्येक शीटवर उत्तरेचा बाण वेगळ्याच दिशेला. एकीवर डावीकडं, एकीवर खाली, छपराच्या शीटवर उजवीकडं. शीटवर उत्तर वर ठेवायची, हे आमच्याकडं पहिल्या आठवड्यात शिकवतात आणि नंतर त्याच्यावर कोणी विचार करत नाही. आतून दिवा लागणाऱ्या काचेच्या टेबलावर सरांनी तिचा प्लॅन ठेवला, त्याच्यावर छपराची शीट ठेवली. भिंत भिंतीवर बसेना. सरांनी विचारलं, की ही इमारत एक आहे की चार. ती म्हणाली, एकच आहे. सरांनी कोपऱ्यात लाल पेनानं लिहिलं, संकल्पना अस्पष्ट. गेल्या वर्षीही हेच लिहिलं होतं. माझ्या रजिस्टरात दोन्ही आहेत.

आता एक मुलगी चाचणीत पहिली आणि कामात शेवटची कशी, याचं उत्तर सरांना एकच सुचलं. तिनं कॉपी केली असणार. तसं सिद्ध झालं असतं तर तिची चाचणी रद्द, ठिपका पुसला आणि रांग सरळ. अडचण एवढीच, की चाचणीला तिच्या शेजारी यशराज होता आणि त्याला बावीस होते. बावीसवाल्याची कॉपी करून एकोणचाळीस आणणं हीसुद्धा एक विचारक्षमताच म्हणायला पाहिजे. यशराजला हे कळल्यावर तो आठवडाभर वर्गात सांगत फिरला, "लागली तर सांगा गड्यांनो, माझ्या शेजारची जागा रिकामी हाय."

ज्युरी शनिवारी होती. गुरुवारी दुपारी सर माझ्या खिडकीशी आले आणि चाचणीच्या दिवसाचं रजिस्टर मागितलं. सोळा वर्षांत शेऱ्याचा रकाना पहिल्यांदाच कोणीतरी वाचत होतं, त्यामुळं मीही वाकून बघितलं. यशराजच्या नावापुढं होतं, कागद गोल फिरवून फिरवून उत्तरे लिहिली. अशी नोंद बऱ्याच जणांपुढं होती. सोनमपुढं होतं, कागद जागचा हलवला नाही. परवानगी घेऊन बाकाभोवती तीन वेळा फिरली.

"फिरली म्हणजे?" सरांनी विचारलं.

म्हटलं, फिरली म्हणजे फिरली. उठून पलीकडच्या बाजूला गेली, बघितलं, परत येऊन लिहिलं. तुम्हीच परवानगी दिली होती. सरांना आठवलं. त्यांनी सोनमला बोलावून घेतलं आणि या वेळी, कबूल करायला पाहिजे, प्रश्न बरा विचारला. इमारती किती आहेत ते नाही, तर शीट काढताना तू कुठं उभी असतेस ते.

सोनम बोटं मोडत हळूहळू सांगायला लागली. सातवीपर्यंत ती मेंढरांमागं होती. दिवाळीनंतर माणातून निघायचं, कृष्णाकाठानं उतरत जायचं. रोज नवं रान, पण मुक्कामाची मांडणी तीच. आई, हरणाबाई, चूल कुठं मांडणार, घोडी कुठं, मेंढरं कोंडायची जाळी कुठं, कुत्री कुठं, हे कोणी कोणाला विचारत नाही.

"उद्या जिकडं जायचं त्ये पुढं, सर. बाकी समदं त्याच्या हिशेबानं बसतं. उत्तर कुठं हाय हे आमी कवा बघितलंच न्हाई."

"मग या शीटवर वरची बाजू कुठली?"

तिनं प्लॅनवर बोट ठेवलं. "ह्यात मेंढरू चालतंय. त्ये दारातनं आत जातं, तिकडं वर." रस्त्याच्या शीटवर ठेवलं. "ह्यात धनगर चालतोय, गावाकडनं." मग छपराच्या. "आन् ह्यात पाणी चालतंय, सर. पाणी उताराला जाणार, म्हणून उतार वर."

शीट फिरवण्याऐवजी सर स्वतः टेबलाला वळसा घालून पलीकडं गेले, तिथं थांबले, परत आले. मग दिवा लावला, छपराची शीट प्लॅनवर ठेवून पाव वळसा फिरवली. भिंतीवर भिंत, दारावर दार. सूतभर फरक नव्हता. पन्हळीचं पाणी बरोबर मेंढ्यांच्या हौदात पडत होतं. ते चौदा शीटवाल्या संयोगितालाही सुचलं नव्हतं.

राहिला प्रश्न ज्युरीचा. नऊ शीट दोन दिवसांत नव्यानं काढणं शक्य नव्हतं. सोनम म्हणाली, काढते. सर म्हणाले, नको, घाईत चुकशील. बाहेरून येणाऱ्या परीक्षकापुढं सरांना बोलायची मुभा नसते, एवढंच नाही, तर बोलले तर ते मलाच नोंदवावं लागतं. त्यांनी मला विचारलं, शीट भिंतीवरच लावायच्या असं नियमात आहे का. मी नियम काढून बघितले. म्हटलं, नियमात नाही, सवयीत आहे.

शनिवारी सकाळी सरांच्या सांगण्यावरून शिपाई अर्जुनानं भिंतीकडेची दोन मोठी टेबलं ओढून स्टुडिओच्या मधोमध जोडली.

"आवं, जेवणावळ हाय का?" तो मला म्हणाला. मी त्याला हळू बोलायला सांगितलं.

परीक्षक माया मॅडम साताऱ्याच्या, तिथं त्यांचं स्वतःचं आर्किटेक्टचं ऑफिस आहे. आधी संयोगिताची भिंत बघितली. रेघेचं कौतुक केलं. मग विचारलं, दोनशे मेंढ्या एकदम आल्या तर थांबणार कुठं. संयोगितानं प्रतीक्षागृह दाखवलं. तिथं खुर्च्या होत्या. मॅडम खुर्च्यांकडं बघत राहिल्या, तेव्हा संयोगिता म्हणाली, पार्किंगमध्ये. डिसेंबरात अठ्ठ्याहत्तर मिळाले होते, या खेपेला सहासष्ट.

सोनमच्या टेबलाशी मॅडम आधी एका जागी उभ्या राहून मान वाकडी करत होत्या. सोनम म्हणाली, "मॅडम, हिकडनं या." त्या तिकडं गेल्या. पुढची दहा मिनिटं दोघी टेबलाभोवती फिरत होत्या, पुढं सोनम, मागं मॅडम. कळप इथून येतो. आजारी मेंढरू इथं वेगळं निघतं, त्याचं दार वाऱ्याच्या खालच्या अंगाला, म्हणजे रोग बाकीच्यांवर येत नाही. औषधाच्या पाण्याची चर इथं, चरीतून निघालेलं मेंढरू इथं उन्हात वाळतं. धनगर इथं बसतो, इथून त्याला दोन्ही दारं दिसतात. मॅडम नुसतं हं हं करत होत्या. सर खिडकीतून ऊस बघत होते, जणू त्यांचा या सगळ्याशी काही संबंध नव्हता.

मग मॅडम थांबल्या आणि विचारलं, "डॉक्टरला संडासला जायचं असेल तर?"

सोनमनं टेबलाला आणखी एक पूर्ण वळसा घातला. नऊच्या नऊ शीटवरून नजर फिरवली.

"त्ये राह्यलं, मॅडम," ती म्हणाली.

अख्ख्या इमारतीत संडास नव्हता. मेंढराला लागत नाही, आणि जिथं ती वाढली तिथं माणसालाही त्यासाठी भिंती लागत नव्हत्या. यशराज मागं खोकल्यासारखं करून हसला. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी लिहिलं आणि कागद घडी करून माझ्याकडं दिला. मी तो खिडकीशी उघडला. संडास नाही, वजा आठ. उत्तर दिशेचा संकेत पाळलेला नाही, वजा पाच. खाली एकूण, सत्तेचाळीस.

मी आकडा रजिस्टरात चढवला आणि सोनमला बोलावून दाखवला. तिनं तो आधी आपल्या बाजूनं, उलटा वाचला. मग खिडकीच्या आत वाकून माझ्या बाजूनं परत वाचला.

"दोन जास्तीचे हायत," ती म्हणाली.

म्हटलं, आहेत, पण ते परत मागायची पद्धत नाही.

हरिबांच्या नावाचं पत्र लिहायचं टळलं. सरांच्या आलेखात ठिपका नऊ घरं वर सरकला, तरी रांगेत काही आला नाही. सरांनी तो पुसला नाही. अर्जुना सांगत होता, की सरांच्या प्रबंधात रांगेतल्या चाळीस ठिपक्यांवर चार पानं आहेत आणि ह्या एकावर अकरा. पुढच्या जुलैत नवीन मुलांची चाचणी झाली तेव्हा वरच्या वर्गातल्यांकडून गोष्ट पसरली होती. अडतीसच्या अडतीस मुलं परवानगी घेऊन बाकाभोवती फिरली, दोघं एकमेकांवर आपटली. गुण मागच्या वर्षीइतकेच पडले. मी शेरा लिहिला, सर्व फिरले.

सोनम तिसऱ्या वर्षाला गेली. आता शीटवर उत्तर वर ठेवते, आणि संडास पहिल्यांदा काढते. वर्ग सुरू व्हायच्या दिवशी मुलं खिडकीजवळची टेबलं धरायला पळाली, तशी ती माझ्याकडं आली. म्हणाली, भिंतीकडंचं टेबल नको, मधलं द्या, चारी बाजूंनी मोकळं.

मधलं टेबल आजपर्यंत कोणी मागितलं नव्हतं. तिथं पंखा नाही. मी तिच्या नावावर लिहून टाकलं.