आकृती तीनमधल्या अकराजणी

ठिपका तिने दोनदा पुसला. आधी अंगठ्याने, मग साडीच्या पदराने... रस्त्याकडची खिडकी बंद ठेवली तरी चेन्नईतल्या एग्मोरची धूळ आत यायचीच आणि सकाळच्या उन्हात स्क्रीनवर तिचा एकेक कण दिसायचा. पण हा कण हलेना, आणि मग हेमावतीच्या लक्षात आलं की आपण तुळसीला पुसतोय. आकृती तीन, उजवीकडे अगदी खाली, बाकीच्या गर्दीपासून दूर पडलेली तुळसी. वय तेवीस, नोकरीची वर्षं चार, आणि तिच्या डाव्या पायाच्या मज्जातंतूचा वेग... पायाला विजेचा हलकासा झटका द्यायचा आणि ती खबर मज्जातंतूतून किती वेगाने धावते ते यंत्रावर मोजायचं, एवढंच तर काम. गेली बावीस वर्षं हेमावती तेच करत आली होती. तेवीस वर्षांच्या मुलीची खबर कशी धावत सुटायला हवी, आणि तुळसीची चालत होती. दमलेल्या बाईसारखी, मध्ये मध्ये थांबत.

पेपर आज पाठवायचा होता. जर्नलचा तो खास अंक होता, कारखान्यातल्या कामाने होणाऱ्या आजारांवरचा, आणि मुदत आज संध्याकाळी पाचची. तीन वर्षांचं काम अठ्ठावीस पानांत बसवलं होतं. संदर्भांची यादी काल रात्रीच पुरी झाली. उरलं होतं ते किरकोळ: स्वल्पविराम, आकृत्यांचे आकार, संपादकांना लिहायचं पत्र. आणि सकाळी ड्राफ्ट उघडला तर समासात गुरुमूर्ती सरांचा शेरा. एकच ओळ. ‘हे अकरा काढता येतील का?’

शेवटचं ते ‘का’ — हा खरंच प्रश्न होता का? बावीस वर्षांत सरांनी तिला हुकूम असा कधी दिला नव्हता. ते विचारत. आणि विचारलं की ती करी.

अकरा. पंचाहत्तर बायका होत्या एकूण. श्रीपेरुंबुदूरजवळच्या त्या कारखान्यात फोनच्या काचा तयार व्हायच्या. पहिल्या चौसष्टजणी कारखान्याने स्वतः पाठवल्या, यादी करून, इस्त्रीच्या युनिफॉर्ममध्ये, एकेक करून दवाखान्याच्या खोलीत. सगळ्या धडधाकट. हेमावतीला तेव्हाच काहीतरी खटकलं होतं, पण खटकणं म्हणजे काही मोजमाप नव्हे. मग एका दुपारी कंपनीच्या बसपाशी एक किडकिडीत मुलगी तिच्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “अक्का, काचा पुसायच्या लाइनीतल्या कुणालाच बोलावलं नाही तुम्ही.” पुसायचं ते द्रव कसलं, ते तिला ठाऊक नव्हतं. गोडसर वास येतो म्हणाली. आणि पायांचं विचारलं तेव्हा तिने तो शब्द वापरला: मरत्तुपोच्चु. बधिर झालं, असं आपण म्हणतो. पण तमिळमध्ये त्या शब्दात झाड असतं, लाकूड असतं. पाय लाकूड होऊन गेले. “चप्पल पायातून निसटते अक्का, आणि मी तशीच चालत राहते. मागून कुणीतरी हाक मारून सांगतं.”

हेमावतीने नैतिकता समितीची नवी परवानगी काढली, यंत्र गाडीत घातलं आणि मुलींच्या हॉस्टेलवर चार रविवार जाऊन त्या लाइनीतल्या अकराजणींना तपासलं. पाचव्या रविवारआधीच कारखान्याचं पत्र आलं, यापुढे सहकार्य करता येणार नाही म्हणून.

त्या अकराजणी काढल्या तर काय उरतं, हे बघायला तिला गणित करावं लागलं नाही. उरतात त्या चौसष्ट. उरतं एक वाक्य: तपासलेल्या कामगारांत कोणताही दोष आढळला नाही. खरं वाक्य. प्रत्येक शब्द खरा... आणि ते वाक्य कुणीतरी फ्रेम करून त्याच दवाखान्याच्या भिंतीवर लावेल. माझ्या नावासकट.

ती उठली आणि सरांच्या खोलीकडे गेली.

गुरुमूर्ती सर खुर्चीत मागे रेलून चष्मा पुसत होते. इंग्रजीत ते संचालक असत, तमिळमध्ये प्राध्यापक, आणि तंजावरकडच्या मराठी घरांतल्या मराठीत... त्या मराठीत ते तिच्या वडिलांच्या, अप्पांच्या, ओळखीचे, लग्नाकार्यात वाढायला उभे राहणारे गुरुमूर्ती होत. ते मराठी बोलायला लागले की ओळखावं, काहीतरी हवंय.

“ये अम्मा, बैस. जेवलीस कीं?”

“साडेदहा वाजलेत सर.”

“सेरी, बरं. बैस तर.” चष्मा डोळ्यांवर चढला. “तें अकरांचं बघितलंस न? मी कांहीं चूक म्हणत नाहीं. तुझं काम चूक कोण म्हणेल? पण हॉस्टेलांतलं मोजमाप तें. खोली वेगळी, ऊन वेगळं. रिव्ह्यूअर तेंच धरून बसेल बघ.”

“पाय गार असला तर वेग कमी दिसतो, म्हणून पायाचं तापमान प्रत्येकीचं घेतलंय सर. तक्ता दोनमध्ये आहे.”

“असेल. आणि कंपनीचं पत्र?”

“पत्र नंतर आलं. आणि परवानगी मुलींची होती, पायही त्यांचे.”

सर हसले. ते हसणं तिला आवडायचं, हीच तर अडचण होती. तिच्या आईच्या आजारपणात या माणसाने तीन महिने तिच्या वाटचे वर्ग घेतले होते आणि कधी बोलूनही दाखवलं नव्हतं. वाईट माणसाला नाही म्हणणं किती सोपं असेल, असं तिला वाटून गेलं.

“हेमा,” ते पुढे वाकले, “त्या मुलींचं काय होईल? कारखाना काय आंधळा आहे? हॉस्टेल, ती लाइन, अकराजणी... दोन मिनिटांत ओळखतील. नोकरी जाईल पोरींची. पुढच्या पेपरात घालूं कीं, सावकाश. आतां चौसष्ट जाऊं देत.”

ती ‘बघते’ म्हणून बाहेर आली आणि जिन्यापाशी उभी राहिली. हा मुद्दा खरा होता. सरांच्या तोंडून आला म्हणून तो खोटा ठरत नव्हता. आणि त्यांनी मुलींच्या आडून नवीन प्रयोगशाळेचं बोलणं केलं होतं का — कारखान्याची मूळ कंपनी तिला पैसे देणार असं काही चाललंय, हे शिपायालाही ठाऊक होतं — की खरंच मुलींचं, हे त्यांचं त्यांना तरी कळत असेल का?

फोन वाजला. अप्पा. मैलापूरच्या घरातून रोज याच वेळी.

“काम संपलं कीं ग?”

“नाही अप्पा. एक गोष्ट अडलीय.”

“गुरुमूर्तीला विचार. तो सांगेल.”

“हो अप्पा.”

अप्पा म्हणजे दत्ताजी, निवृत्त हेडक्लार्क, वय ब्याऐंशी, हस्ताक्षर अजूनही छापल्यासारखं. त्या हस्ताक्षराचा घरात केवढा अभिमान! पूर्वजांनी तंजावरला मोडीत दप्तरं लिहिली, आजोबांनी इंग्रजांची, अप्पांनी सरकारची. कितीतरी पिढ्या आपण दुसऱ्यांनी सांगितलेलं सुंदर अक्षरात लिहीत आलो... एका रविवारी, ती आठ वर्षांची असेल, अप्पा जेवणाच्या टेबलावर एक जुनी नोंदवही नव्या वहीत उतरवून काढत होते आणि ती शेजारी बसून बोटाने ओळी मोजत होती. “अप्पा, ही ओळ राहिली.” अप्पांनी वर पाहिलं नाही. शाई वाळावी म्हणून कागदावर हलकी फुंकर घातली आणि म्हणाले, “ती नको म्हणाले.” कोण म्हणाले? कशाबद्दलची होती ती ओळ? कुणाची जमीन, कुणाची तक्रार? तिने विचारलं नाही. पुढची ओळ मोजली. चाळीस वर्षांत ती ओळ तिला आठवली नव्हती असं नाही. फक्त ती आठवण अप्पांच्या सुंदर अक्षराची आहे, असं ती धरून चालली होती.

तिने तुळसीला फोन लावला.

तुळसी आता तिरुवण्णामलईजवळच्या तिच्या गावी होती. नोकरी सुटून सहा महिने झाले होते. मागे कोंबड्यांचा आवाज. हेमावतीने सगळं नीट सांगितलं: पेपर आज जाणार, नावं नसतील, फक्त आकडे असतील, पण कारखान्याला ओळखू येऊ शकेल. कुणाला त्रास होऊ शकेल. आता नको म्हटलंत तरी चालेल.

“अक्का, हे आम्हाला कोण विचारतंय? तुम्ही की तुमचे मोठे सर?”

“मी विचारतेय.”

“मग ठीक. त्यांना विचारायचं असेल तर त्यांनी यावं गावी. मी चालून दाखवते.” आवाज चढला होता. “अकरातल्या नऊजणी तर आधीच घरी बसल्यात. आमची नोकरी कसली जातेय आता? उरल्या दोघी. त्यांचं मी कसं सांगू? थांबा. विचारते.”

अर्ध्या तासाने तिचा फोन आला. नऊजणींचं एकच उत्तर होतं: ठेवा. उरलेल्या दोघींतली एक म्हणाली होती, माझेही आकडे राहू देत. दुसरी रडली. तिच्या घरी दोन बहिणी शिकतायत. मला काढा, म्हणाली.

“रागावू नका तिच्यावर अक्का.”

“छे ग. तिचा हक्क आहे.”

“आणि अक्का... माझा नंबर कितवा?”

“सत्तरावा.”

“सत्तर,” तुळसीने पुन्हा म्हणून पाहिलं. “बरं.”

हेमावतीने त्या दुसरीला काढलं. एक ओळ निवडली, पुसली, जतन केलं. मग आकडेमोड पुन्हा चालवली आणि खुर्चीच्या कडेवर बसून राहिली, कारण आता काहीही होऊ शकलं असतं. निष्कर्ष थोडा सैल झाला. पण उभा राहिला. आणि तिला जाणवलं की ही एक ओळ पुसताना हात अजिबात कचरला नाही. पुसणं आणि पुसणं यांत फरक होता, एवढा सोपा फरक, की तो समजायला अठ्ठेचाळीस वर्षं लागावीत याचा तिला राग आला. राग बरा वाटला. जेवणाची वेळ टळून गेली तरी तो पोटात गरम राहिला.

मग ती लिहायला बसली. पद्धतीच्या भागात तिने आधी एक गोलमाल वाक्य घातलं होतं, ‘काही चाचण्या अन्यत्र घेण्यात आल्या’. तेही सरांच्याच सूचनेवरून. ते खोडलं. आणि सरळ लिहिलं: पहिल्या चौसष्टजणींची निवड कारखान्याने केली. काचा पुसणाऱ्या लाइनीतलं कुणीही त्या यादीत नव्हतं. त्या लाइनीतल्या अकराजणींना त्यांच्या संमतीने हॉस्टेलवर तपासलं. त्यानंतर कारखान्याने सहकार्य थांबवलं. एकीने नोकरीच्या भीतीने स्वतःची माहिती मागे घेतली. पाच वाक्यं. इंग्रजीत ती आणखीच कोरडी वाटत होती, आणि तिला ती तशीच हवी होती — विशेषणाशिवाय, कुणालाही हात घालायला जागा नसलेली. घ्या. कुठली ओळ नको, ते आता नाव घेऊन सांगा.

साडेतीनला तिने जर्नलचा फॉर्म उघडला. शीर्षक, सारांश, पाच सूचक शब्द. लेखक: हेमावती, आकडेवारी पाहणारा श्रीवत्स, गुरुमूर्ती. खाली सूचना होती: प्रत्येक लेखकाला मेल जाईल, आणि सर्वांनी अंतिम प्रतीला होकार दिल्यावरच पेपर विचारात घेतला जाईल. म्हणजे लपवून काही होणार नव्हतं. बरंच झालं. लपवायचं तिला नव्हतंच. तिने सरांना वेगळी मेल लिहिली, इंग्रजीतून, तीन ओळींची: दहाजणी ठेवल्या आहेत, त्याचं कारण पेपरात लिहिलं आहे. आपली संमती हवी. नसेल, तर आपलं नाव मागे घेत असल्याचं कृपया लेखी कळवावं.

कृपया हा शब्द तिने एकदा काढला, मग परत घातला. तो राहू दे. तो तिचाच होता.

आणि बटण दाबलं.

श्रीवत्सचा होकार दोन मिनिटांत आला, त्याच्या नावापुढे हिरवी खूण उमटली. सरांच्या नावापुढची चौकट रिकामी. चार वाजले. चार दहा. कॉरिडॉरमध्ये दार उघडल्याचा आवाज झाला आणि मग ती पावलं, जी तिला झोपेतही ओळखता आली असती.

गुरुमूर्ती सर तिच्या दारात येऊन उभे राहिले. हातात फोन.

“पाठवलंस,” ते म्हणाले. इंग्रजीत.

“पाठवलं सर.” ती मराठीत म्हणाली.

“आणि मी होकार दिला नाही तर?”

“तर तसं लिहून द्या. का देत नाही, तेही लिहा. तुमच्या होकाराशिवाय हा अंक चुकेल, दुसरं जर्नल बघेन. पण त्या दहाजणी जातील तिथे.”

“माझ्याशीं अशी कधी बोलली नव्हतीस तूं,” सर आता मराठीत म्हणाले. आवाजात राग होता की नुसता थकवा, कळेना. ते एकदम म्हातारे दिसले, आणि त्यांना म्हातारं दिसू देणं तिला कठीण गेलं. काहीतरी मऊ बोलावं, निदान बसा म्हणावं... ते फोनवरची ती मेल पुन्हा वाचत असावेत, अंगठा काचेच्या जरासा वर. दाबणार होते की नव्हते, ते त्यांनाही ठाऊक नसेल.

आणि तेव्हा हेमावतीला कळलं की आपण बसूनच आहोत. बावीस वर्षं हा माणूस दारात आला की ती उठत आली होती, विचार न करता, मनाच्या आधी गुडघेच उठत. आताही गुडघ्यांत ती जुनी हालचाल सुरू झाली होती, मांडीपर्यंत येऊन थांबली होती. तिने ती तिथेच राहू दिली. भीती होती, थोडी लाजही होती, आणि त्या दोन्हींच्या खाली पायांचा सगळा भार फरशीवर लख्ख जाणवत होता.